मी मांडलेल्या सात आसरा

दोन हजार तेवीस साल, आणि माझं वय एकाहत्तर. त्या साली एक मेला चिखलोलीतल्या एका नव्या सोसायटीनं मला शाल-नारळ द्यायला बोलावलं. उभ्या जन्मात मला कुणी शाल दिली नव्हती. नारळ पुष्कळ मिळाले, कारण विहिरीला पाणी लागलं की मालक नारळ फोडतोच. शाल मात्र नाही. म्हणून इस्त्रीचा सदरा घातला, बायकोला सांगितलं, "येताना शाल घेऊन येतो," आणि गेलो. पुढं मी रागानं बरंच लिहिणार आहे. ते वाचताना हा म्हातारा शालीच्या मोहानं तिथं गेला होता, हे ध्यानात असू द्या.

मी गोमा. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळा सोडून, कारण पावसाळ्यात शाळा ओढ्याच्या पलीकडे राहायची आणि आम्ही अलीकडे. बापानं विहिरी खणल्या, मीही तेच केलं. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, उल्हासनगरच्या कडेकडेनं. किती, ते मोजलं नाही. बदलापूर पश्चिमेला आज जिथं लोक गाड्या लावतात, तिथं खाली कितीतरी जागी माझ्या हातची विहीर आहे आणि वरच्याला त्याचा पत्ता नाही.

आता शाल कशासाठी, ते सांगतो. त्या सोसायटीच्या आवारात सगळ्यात सखल कोपऱ्यात, नाल्याला लागून, एक विहीर आहे. ती मी एकोणऐंशी साली खणली. तेव्हा तिथं बबन भोईरचं भाताचं शेत होतं. विहिरीच्या काठाला सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. त्या सात आसरा, पाण्याच्या देवता. आमच्यात पाणी लागलं की त्याच दिवशी, ज्यानं खणलं त्यानं खालून सात गोटे आणायचे, काठाला मांडायचे आणि नारळ फोडून मालकाला विहीर द्यायची. त्या सात मी मांडल्या होत्या. सोसायटीला आता ती जागा हवी होती. आसरांना गेटजवळ नवं देऊळ बांधून तिथं हलवायचं होतं. पण जमीन विकताना बबननं त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती: "ज्यानं मांडल्या त्यानंच उचलायच्या. दुसऱ्यानं हात लावला तर घराला बरं नाय." फ्लॅट घेतलेली माणसं शिकलेली खरी, पण 'घराला बरं नाय' म्हटलं की शिक्षण थोडा वेळ बाजूला बसतं. म्हणून मी.

फोनवर मला एवढंच सांगितलं होतं की, "काका, जरा जागा बदलायचीय." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

एक मेचा झेंडा झाला. मग क्लबहाऊस म्हणून जी लांबट खोली आहे तिथं सगळे बसले. सोसायटीचे सेक्रेटरी पेंडसे साहेब. अंबरनाथला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आता निवृत्त. माणूस वाईट नाही, मला स्वतः पाण्याची बाटली आणून दिली. पण त्यांना इतिहासाची आवड, आणि आवड असलेल्या माणसाच्या हातात माईक गेला की दुसऱ्यांचं काही खरं नसतं. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. मिसर देशातली नदी, मग सिंधू, मग गंगा. म्हणाले, "जिथं मोठी नदी, सपाट जमीन, दर वर्षी नवा गाळ, तिथं धान्य उरतं. धान्य उरलं की नगर उभं राहतं, नगर उभं राहिलं की मोठा धर्म, मोठे देव." इथपर्यंत मी मान हलवत होतो. पटण्यासारखं होतं. गाळ म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

मग म्हणाले, "आता आपला हा भाग बघा. डोंगर, जंगल, चार महिने कोसळणारा पाऊस आणि आठ महिने कोरड. इथं संस्कृती रुजणार कशी? माणूस निसर्गाला घाबरला, आणि दिसला दगड की शेंदूर फासून मोकळा झाला." आणि माझ्याकडे हात करून, अगदी प्रेमानं, "त्या भोळ्या परंपरेचे एक प्रतिनिधी आज आपल्यात बसले आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भोळा कुणाला म्हणता? मी जन्मभर दगड फोडलाय. दगडाला मी घाबरत नाही, दगड मला घाबरतो. त्या दिवशी मला तिथं सगळं नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो. संपादक म्हणाले, शुद्धलेखन आम्ही बघू.

विहीर म्हणजे खड्डा असं बाहेरच्याला वाटतं. आमच्याकडची जमीन कशी आहे ते ऐका. वर काळी माती, हातभर, कुठं दोन हात. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली मांजऱ्या दगड, तो पहारीनं फुटतो पण रडवतो. त्याच्याखाली काळा कातळ, तिथं सुरुंगाचे बार उडवल्याशिवाय वाट मिळत नाही. पाणी कातळात नसतं, मुरमातही टिकत नाही. ते दोघांच्या सांध्यात असतं, बोटभर जाडीच्या फटीत. ती फट सापडली तर वीस हातांवर पाणी, नाही सापडली तर पन्नास हात जा, खाली कोरडा अंधार. पाणाडे येतात, तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतात, नारळ उभा राहिला की इथं खणा म्हणतात. मी कुणाचा नारळ कधी मानला नाही. मी उंबर बघायचो, वारूळ बघायचो, आणि एप्रिल संपताना पहाटेचं गवत कुठं ओलं लागतं ते अनवाणी चालून बघायचो.

पाऊस आमच्याकडे कमी नाही. जूनला भिजलेली गोधडी दसऱ्याला वाळते. तरी मे महिन्यात हंडा रिकामा. का? तर डोंगर उभे आणि कातळ घट्ट. पाणी येतं, ओढ्यात पडतं, ओढ्यातून उल्हास नदीत, नदीतून खाडीला. साहेबांच्या त्या मिसर देशात पाणी बसतं, आमच्याकडे ते पळतं. मग आमच्या देवानं काय करायचं? पळत्या पाण्याची जी कडा धरून ठेवता येईल ती धरून बसायचं. म्हणून आमच्या आसरा डोहाला, झऱ्याला, विहिरीला. माळावर आसरा कुणी दाखवा, मी मिशी काढतो.

आणि चार महिने देव झोपतात, हे कुणी ठरवलं? ज्या मुलखात बाराही महिने रस्ते उघडे, तिथल्या माणसाला हे सुचलंच नसतं. आषाढात ओढे चढलेले, वरात नेणार कुठून? नवरी पलीकडे नि नवरा अलीकडे. तेव्हा देव झोपला म्हणायचं, भात लावायचं आणि गप घरात बसायचं. कर्जतकडच्या डोंगरातली जुनी लेणी मी बघून आलोय. तिथले बौद्ध भिक्षूसुद्धा पावसाळ्यात फिरणं बंद करून डोंगरातच बसायचे. त्यांच्या खोल्यांपेक्षा मला तिथली पाण्याची टाकी आवडली. कातळात खोदलेली, तोंड लहान, पोट मोठं, आणि वरून वाहून येणारं पाणी आत वळवायला बोटभर रुंदीची पन्हळ. ज्यानं ती खोदली त्याच्या मी पाया पडलो. बुद्धाच्याही पडलो, पण नंतर.

अंबरनाथचं जुनं शिवाचं देऊळ तर सगळ्यांनी बघितलंय. बाकी देवळांत पायऱ्या चढून देवाकडे जातात, इथं गाभाऱ्यात खाली उतरावं लागतं, विहिरीत उतरावं तसं. पंडित काय सांगतात मला ठाऊक नाही. पण माझा बाप तिथं हात जोडून म्हणायचा, "गोमा, हे बांधणारा आपल्यातलाच असणार. ह्याला म्हाईत होतं, ह्या मुलखात जे राहातं ते खालीच राहातं." शेजारून वालधुनी वाहते. वाहते म्हणजे, वाहायची. आता तिच्याकडे बघताना लोक नाकाला रुमाल लावतात आणि देवळाचे फोटो काढतात.

वालधुनीवरून उल्हासनगर आठवलं. तिथल्या निर्वासितांच्या बऱ्याकींमधलं एक काम मी कधी विसरलो नाही. एक सिंधी म्हातारी, सगळे तिला दादी म्हणायचे. घरात नळ होता, रोज पाणी यायचं, तरी मागच्या बोळात तिला विहीर हवी होती. मी म्हटलं, "दादी, नल है ना? कुआँ किसलिए?"

ती म्हणाली, "अरे साईं, नल में जोत कैसे छोडूं?"

तिचा देव नदीचा, दरियाशाह. फाळणीत सगळं सोडून आली, देव मनात घालून आणला, पण त्याची नदी कुठून आणणार? वर्षातून एकदा सगळे मिळून नदीवर जायचे, ते वेगळं. हिला दर शुक्रवारी कणकेचा दिवा पाण्यात सोडायचा होता, तांदूळ-साखर वाहायची होती, पदर पसरून मागायचं होतं. मी जागा बघितली. बोळ एवढा अरुंद की पहार फिरवता येईना. तरी खणली. बाविसाव्या हाताला डाव्या अंगानं झरा फुटला. दादीनं वरून विचारलं, "मीठा है?" मी ओंजळीनं पिऊन बघितलं आणि म्हटलं, "मीठा है." तिथं वर ती रडायला लागली. मी माझ्या रीतीप्रमाणे सात गोटे वर आणले. म्हटलं हिला चालतील का. तिनं सातही धुतले, ओळीत मांडले आणि म्हणाली, "रख दे, बेटा. तेरी सात बहनें, मेरा एक दरियाशाह. आपस में बात कर लेंगे."

हे मी मुद्दाम सांगतो. ती मोठ्या नदीची, मी डोंगराचा. पेंडसे साहेबांच्या हिशेबानं तिची संस्कृती आणि माझा भोळेपणा. तिला फरक वाटला नाही.

दादी गेली. काही वर्षांनी त्या बाजूला कपडे धुवायचे, रंगवायचे कारखाने आले, जीन्सचे. एकदा तिच्या सुनेनं मला बोलावलं, म्हणाली पाणी बघा. बादली वर घेतली तर पाणी निळं. आकाशाची सावली नव्हे, निळीची निळी. मी तिला काय सांगणार? फट एकच असते, तिच्यातून झरा येतो आणि रंगही येतो. तिनं विहिरीवर लादी टाकली. माझ्या तोंडून तेव्हा ज्या शिव्या गेल्या त्या संपादक छापणार नाहीत.

पण दुसऱ्याला शिव्या देण्याचा माझा हक्क थोडा कमी आहे. तेही सांगतो.

आसरांचा एक नियम आहे. त्यांच्यापासून एकवीस पावलं चूल मांडायची नाही. बाप सांगायचा, "आसरांना धूर चालत नाय." मी कधी विचारलं नाही का चालत नाय. आमच्या बेलवलीत नाल्याकाठी बापानं आणि मी एक विहीर खणली होती, आसरा मी मांडलेल्या. पुढं बाप वारला. मालकाची आई गुडघ्यांनी अधू झाली. मालक म्हणाला, "गोमा, आईला चिखलात उतरवत नाय, आसरा वर रस्त्याकडेला घे ना. तूच मांडल्यास, तूच घे." माणूस आईसाठी मागत होता. मी सातही उचलल्या आणि वर रस्त्याला मांडल्या. म्हातारी खूष, मालक खूष. ज्यानं मांडल्या त्यानंच उचलल्या, नियम मोडला नाही, म्हणून मीही खूष.

आसरा गेल्या आणि खालची जागा मोकळी झाली. एकवीस पावलं आता रस्त्याकडून मोजायची. मालकानं जमीन विकली, घेणाऱ्यानं तिथं चाळ बांधली. आठ खोल्या, आठ चुली. गावातलं कुणी बोललं नाही, कारण आसरा तर वर होत्या. चार-पाच पावसाळे बरे गेले. मग एका पावसाळ्यात नाला त्याच्या जुन्या जागी येऊन बसला. दिवसाउजेडी, अर्ध्या तासात. आम्ही सगळे धावलो. एका खोलीत अंथरुणाला खिळलेले एक तात्या होते, त्यांना दाराच्या फळीवर घालून बाहेर काढलं. पाणी माझ्या छातीला लागत होतं. तात्या थंडीनं निळे पडले होते आणि मला म्हणत होते, "सांभाळून रे बाबा, तू पडशील." आठ दिवसांनी छातीत कफ भरून ते गेले.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा कळलं, धुराचा संबंध नव्हता. चूल नको म्हणजे घर नको, घर नको कारण ही पाण्याची जागा आहे, ते आज नसलं तरी येईल. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी ते सात दगडांत लिहून ठेवलं होतं, आणि मला वाचता येत असून मी ते उचलून रस्त्यावर नेलं. आणि 'ज्यानं मांडल्या त्यानंच उचलायच्या', याचाही अर्थ तेव्हा लागला. विचारायचं तर ज्याला तिथलं पाणी ठाऊक आहे त्याला विचारा, एवढाच तो अर्थ. आणि विचारल्यावर त्यानं तोंड उघडायचं असतं. मी उघडलं नव्हतं.

आता पुन्हा क्लबहाऊसमध्ये चला. टाळ्या वाजल्या, आणि पेंडसे साहेबांनी पुढचं चित्र दाखवलं. रंगीत, गुळगुळीत बिल्डिंग, बाहेर फुगे घेतलेली पोरं. म्हणाले, "आणि हा आपला नवा हॉल. वर योगा, तळमजल्यावर पाळणाघर." मी चित्राकडे बघत राहिलो. पाठीमागं नाल्याची भिंत ओळखू येत होती. जांभळीचं झाड ओळखू येत होतं. विहीर कुठं नव्हती.

मी उठलो. "साहेब, ह्यात विहीर कुठंय?"

"ती बुजवायचीय ना, काका. तिच्यावरच तर हॉल येतोय. तेच तर तुम्हाला..."

"पाळणाघर खाली?"

"मुलांना जिने नकोत म्हणून खाली."

"तिथं पाणी येतं."

"आम्ही सहा वर्षं राहतोय, एकदाही आलेलं नाही. आणि इंजिनिअरनं जागा पास केलीय."

"इंजिनिअर कधी आलावता?"

"जानेवारीत."

"जानेवारीत मी पण नाल्यात खाट टाकून झोपंन."

लोक हसले. पेंडसे साहेबही हसले, पण नुसत्या तोंडानं. म्हणाले, "काका, तुमच्या श्रद्धेचा आम्हाला आदर आहे. म्हणूनच गेटजवळ मंदिर करतोय. ग्रॅनाइटचं."

"आसरांना ग्रॅनाइट कशाला? त्यांना ओल लागते."

"माळी रोज पाणी घालेल की."

"नळाचं?" मी म्हटलं, आणि मग माझा ताबा सुटला. "तुमी म्हणता इथं संस्कृती रुजली नाय. अवो, तुमच्या मोठ्या नदीकाठी बी टाकलं की उगवतं, तिथं शहाणपण नसलं तरी चालतं. इथं पाणी चार म्हैने जीव घेतं आणि आठ म्हैने जीव काढतं, त्यात माणसं टिकली, त्यांना काय अक्कल नव्हती? ते सात दगड म्हंजे तुमच्या इंजिनिअरचा कागद आहे, साहेब. फरक एवढाच, तो कागद पावसात उभं राहून लिवलाय."

पाचव्या रांगेत एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती, ती उभी राहिली. "काका, पाणी कुठपर्यंत येतं खरंच?"

मी हात छातीला लावून दाखवला. "माझ्या. तुमच्या लेकराच्या डोक्याच्या पार वर."

पेंडसे साहेबांनी माईक जवळ घेतला. म्हणाले, भावनेच्या भरात निर्णय बदलता येत नाहीत, ठराव झालाय, जेसीबी उद्या सकाळी आठला येतोय. काकांची इच्छा नसेल तर गुरुजींना बोलावून विधी करून घेऊ. मग मला म्हणाले, "या, निदान सत्कार तरी घ्या." शाल त्यांनी माझ्या खांद्यावर टाकलीसुद्धा. चांगली होती, जाड विणीची. मी तिची घडी केली आणि खुर्चीवर ठेवून बाहेर आलो.

गेटवर बबन भोईर गाठ पडला. तो आतच आला नव्हता.

"काय रं गोमा, उचलल्या काय?"

"नाय."

"उचलून टाक ना, बाबा. आपलं काय जातंय? जमीन त्यांची झाली."

"मग तूच उचल."

"मी कसा उचलू? तू मांडल्यास."

"म्हंजे जमीन तू इकायची आणि पाप माझ्या हातानं करायचं?"

तो खाली बघायला लागला. पायातल्या चपलेनं रेती उकरत म्हणाला, "आई सांगायची म्हणून सांगितलं रं मी त्यांना. मला वाटलं, तू नाय म्हणशील." आणि डोळे पुसायला लागला. मला इतका राग आला की त्याला जवळ घ्यायचं राहून गेलं. पोटात असतं ते स्वतः बोलायचं नाही, दुसऱ्याच्या तोंडून बोलवून घ्यायचं, ही आमच्या लोकांची जुनी खोड. माणसानं देवाच्या नावानं सांगायचं, देवानं दगडाच्या नावानं, आणि दगड गप्पच. मग पेंडसे साहेब त्याला भोळेपणा म्हणतात, तर त्यांना तरी दोष किती द्यायचा?

घरी पोचलो. हौसा, माझी बायको, दारात भाजी निवडत होती.

"शाल कुठाय?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हात थांबले नव्हते. शेवटी म्हणाली, "भांडून आलाव, पन भांडून जेसीबी थांबतो काय?"

"मग काय करू?"

"मला काय इचारता? तुमाला येतं काय दुसरं?"

तशी ती जन्मभर बोलत आली. लग्न झाल्यावर सात वर्षं तिनं माझ्या विहिरींवर दोर ओढलाय. विहिरीत उतरलेल्या माणसावर माती लोटत नाहीत, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं सोसायटीच्या गेटवर होतो. वॉचमननं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "गाळ काढायला." मे महिना हा गाळ काढायचाच महिना, त्याला खरंच वाटलं, त्यानं सोडलं. आसरांपुढं हौसानं हळदकुंकू टाकलं. मी कुदळ आणि बादली दोरीनं खाली सोडली आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय ठेवत उतरलो. दोनदा थांबलो, खोटं कशाला सांगू? तळाला गुडघाभर गाळ, त्यात बाटल्या, थर्माकोल, एक फुटकं हेल्मेट, जुनं निर्माल्य. वास असा की डोकं गरगरलं. पण कुदळीच्या चौथ्या-पाचव्या घावाला घोट्याजवळ गारवा लागला, झरा अजून जिवंत होता.

आठच्या सुमाराला जेसीबीची घरघर आली. वर पायांचे आवाज, मग गोल आभाळात पेंडसे साहेबांचं डोकं. "काका! काय चाललंय हे? वर या, हे चालणार नाही!"

मी बादली भरली आणि दोरीला हिसका दिला. वरून हौसाचा आवाज आला, "अवो साहेब, जरा बाजूला व्हा, बादली वर येतेय."